घरशाळेचं नवं वर्ष शांतपणे कसं आखावं? तीन मुलं, तीन इयत्ता

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

घरात तीन मुलं: मोठी ११ वर्षांची (सहावीच्या वयाची), मधला ८ (तिसरी), धाकटी ५. मोठ्या दोघांचे दाखले एप्रिलअखेर काढले आहेत आणि जूनपासून घरीच शिकवायचं पक्कं झालं आहे. मुक्काम सातारा, माध्यम मराठी, पुस्तकं बालभारतीची. मी सकाळी ८ ते दुपारी १ मोकळी असते, नंतर घरूनच कामाला बसते. सासूबाई सोबत आहेत, त्यांचा या निर्णयाला पाठिंबा आहे. यजमान संध्याकाळी ७ नंतर येतात.

वर्षभराची आखणी किती बारकाईने करावी? तिघांना एकाच वेळी कसं सांभाळायचं? आणि पुढे शाळेत परतायचं ठरलं किंवा दहावीची वेळ आली, तर अडचण येऊ नये म्हणून आत्तापासून काय जपून ठेवावं? अभ्यास तर व्हावाच, पण रोज सकाळी घरात आरडाओरडा होऊ नये, ही मुख्य इच्छा आहे. अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं.

---

तिफण

कोयनाकाठ ताई, वर्षाची आखणी सुट्ट्यांपासून सुरू करा. कालनिर्णय समोर घ्या आणि आधी सुट्ट्याच भरा: गौरी-गणपतीचे दोन आठवडे, दिवाळीचे दोन, संक्रांतीच्या आसपास चार दिवस, गावची जत्रा, घरातली ठरलेली लग्नं. त्यात आजारपणासाठी तीन कोरे आठवडे घाला. पहिल्या पावसात एकाला ताप आला की आठवडाभरात तिघांचा फेरा होतो, हे गृहीतच धरायचं. १५ जून ते एप्रिलअखेर साधारण ४५ आठवडे मिळतात. एवढं सगळं वजा केलं की हातात ३६ उरतात. त्यांतही आठवड्याला चारच दिवस पुस्तकी अभ्यासाचे धरा. ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ दिवस. वर्ष या १४४ दिवसांत बसवायचं.

कमी वाटतात ना? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास दिले आहेत. पण ते आकडे भरलेल्या वर्गासाठी आहेत. हजेरी, वह्या तपासणं, चाळीस मुलांना शांत करणं, सगळं त्यात आलं. घरी एका मुलाशेजारी बसून शिकवताना तिसरीच्या मुलाला पुस्तकी काम दीड ते दोन तास पुरतं, सहावीच्या मुलीला अडीच ते तीन. पाचवा दिवस बाजार, वाचनालय, अजिंक्यताऱ्याची चढण, पोहणं यांचा. तोही अभ्यासच आहे, फक्त वहीबाहेरचा.

आता पुस्तकाची विभागणी. गणिताच्या पुस्तकातले सरावसंच मोजा. समजा ४५ निघाले. प्रत्येकाला तीन दिवस द्या: एक समजून घ्यायला, एक सोडवायला, एक चुकलेलं पुन्हा करायला. झाले १३५. नऊ दिवस शिल्लक राहतात, ते आत्ताच वाटून टाकू नका. सहावीत व्यवहारी अपूर्णांकांवरच्या क्रिया आणि पूर्णांक हे ते सगळे दिवस खातात. बेरजेत छेद समान करायचा आणि भागाकारात व्यस्त घेऊन गुणायचं, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या की मुलं एकाची रीत दुसऱ्याला लावतात. मध्ये चार दिवस भूमिती घाला आणि मग भागाकाराकडे या.

आखणी मोडते ती एकाच कारणाने, तारखांमुळे. वहीत '२३ जुलै, सरावसंच ९' असं लिहिलं की एका तापाने पुढची पन्नास पानं चुकीची ठरतात, मग रोज 'आपण मागे पडलो' ही टोचणी लागते आणि ती आवाजात उतरते. म्हणून नुसते क्रमांक लिहा: धडा १, धडा २, धडा ३. झाला की शेजारी पेन्सिलने तारीख टाका. थांबला तिथून दुसऱ्या दिवशी पुढे. तारखा फक्त चार टप्प्यांना: गणपती, दिवाळी, संक्रांत, पाडवा. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास वही चाळायची आणि काय गाळायचं ते ठरवायचं. गणपती कधी ऑगस्टअखेर येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर, त्यामुळे पहिला टप्पा दरवर्षी लहानमोठा होतो.

आणि सुरुवातीचे तीन आठवडे सगळे विषय सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त एकत्र वाचन आणि गणित. दुसऱ्यात मराठी लेखन. तिसऱ्यात इंग्रजी. परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास चौथ्यापासून. नव्या घडीला अंगवळणी पडायला एवढा वेळ लागतोच, विशेषतः शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना.

---

उंबरठा

वर्षाचं वर आलंच आहे. मी सकाळच्या पाच तासांबद्दल लिहिते, कारण आरडाओरडा तिथेच होतो.

तीन वयांची मुलं असली की बहुतेक जणी मोठीच्या अभ्यासापासून सुरुवात करतात, कारण तिचा अभ्यास जास्त. मग धाकटी दर पाच मिनिटांनी मध्ये येते, मधला उठून जातो आणि दहा वाजेपर्यंत सगळ्यांचा सूर बिघडतो. क्रम उलटा लावून बघा.

८:१५ ला तिघं एकत्र. एक स्तोत्र किंवा कविता, पाढे, मग वीस मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचायचं. इतिहासाची गोष्ट तिघांनाही चालते, धाकटी ऐकता ऐकता चित्र काढते. ८:४५ ला पहिली पाळी धाकटीची, पूर्ण वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. अक्षरओळख, चिंचोक्यांनी मोजणी, एखादा हस्तखेळ. तिला पोटभर लक्ष मिळालं की ती पुढचा तासभर आजीपाशी सुखाने रमते. ९:०५ ते ९:३५ मधल्याचं गणित. ९:४० ते १०:२५ मोठीचं गणित. मधल्याचं चालू असताना मोठीने शुद्धलेखन आणि स्वतःचं वाचन करायचं, मोठीचं चालू असताना मधल्याने सुलेखनाच्या दहा ओळी लिहून खेळायला जायचं. १०:२५ ला खाणं, आणि तिथे अर्धा तास खराखुरा द्या. ११ ते ११:४५ बाकीचे विषय. मग आवराआवर आणि जेवणाची तयारी. पानं मांडणं, ताक घुसळणं, कोशिंबिरीची काकडी चिरणं ही कामं नावानिशी वाटून द्या. मोठीला पोळ्यांची कणीक मोजून भिजवता आली पाहिजे, गुणोत्तर-प्रमाणाचा धडा यायच्या आधीच ते हाताला कळतं.

११ वाजताच्या विषयांसाठी वारवार वेळापत्रक करू नका. सोमवारी विज्ञान, मंगळवारी इतिहास असं लावलं की सोमवारी पाहुणे आले आणि विज्ञान आठवडाभर गेलं. त्याऐवजी फिरती यादी ठेवा: विज्ञान, भूगोल, इंग्रजी, चित्रकला, इतिहास, हिंदी. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापून त्यांवर एकेक विषय लिहा, कोपऱ्यात भोक पाडून सुतळीत ओवा आणि खिळ्याला टांगा. आज वरचं कार्ड. विषय झाला की ते मागे. राहिला तर उद्या तोच. कुठलाच विषय बुडत नाही आणि आज काय करायचं यावर रोजची वाटाघाटही होत नाही, कारण कार्ड सांगतं. आठ वर्षांच्या मुलाला आईपेक्षा कार्डाचं म्हणणं लवकर पटतं.

सामानाचं थोडक्यात: प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा प्लास्टिकचा क्रेट. त्यात चालू पुस्तकं, दोन वह्या, डबा, बस. कंपासपेटी तिघांची वेगळी, खोडरबर आणि शार्पनर जादा घेऊन ठेवा. सकाळची निम्मी भांडणं खोडरबरावरून होतात.

सासूबाईंना मदतनीस म्हणून फक्त धाकटीला सांभाळायला देऊ नका. त्यांचा स्वतःचा एक विषय असू दे: पाढे, पावकी-निमकी, श्लोक, ओव्या, शिवण, जे त्यांचं असेल ते. त्या वेळेत तुम्ही खोलीत नसावं. दोघींनी एकाच मुलाला एकाच गणिताच्या दोन रीती सांगितल्या की मुलाचा गोंधळ होतो आणि घरात अबोला येतो. हातच्याच्या वजाबाकीत तर हमखास. तुम्ही दशक फोडायला सांगणार, त्या खालच्या आकड्यात एक मिळवायला. वर्ष सुरू होण्याआधीच कोणती रीत ते दोघींनी ठरवा.

---

पाटीपेन्सिल

उंबरठा यांचं बहुतेक पटलं, पण सावधगिरीचा एक शब्द: इंग्रजी फिरत्या यादीत टाकू नये. सहा कार्डं आणि आठवड्याला चार दिवस, म्हणजे इंग्रजीची पाळी दीड आठवड्याने येणार. भाषा अशी शिकता येत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी रोज पंधरा मिनिटं हवं, मग ते नुसतं मोठ्याने वाचन असलं तरी चालेल. गणित, मराठी, इंग्रजी हे तीन रोजचे. यादीत बाकीचे.

मराठी लेखनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर. घरी शिकणारी मुलं बोलण्यात पुढे जातात आणि लिहिण्यात मागे राहतात, कारण तोंडी उत्तर आलं की आपण समाधानी होतो. आठवड्याची साखळी लावा. पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तकातला चार-पाच ओळींचा उतारा बघून लिहायचा आणि अवघड शब्दांखाली रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी फक्त ते शब्द, प्रत्येकी तीनदा. तिसऱ्या दिवशी तोच उतारा ऐकून लिहायचा. चौथ्या दिवशी त्याच विषयावर स्वतःच्या मनाने: मधल्याला तीन वाक्यं, मोठीला दहा.

तपासताना सगळ्या चुका लाल करू नका. एका आठवड्यात एकच प्रकार धरा. आधी जोडाक्षरं आणि रफार, मग अनुस्वार, मग शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ हा नियम. सातारा-सांगलीकडे 'न' आणि 'ण' यांत गडबड होते, तिथे लिहिण्यापूर्वी उच्चार करून घ्या. ऐकू न येणारा फरक मुलं पाठ करून लिहितात आणि महिन्याने विसरतात. नियमाला अपवादही ओघाने येतातच ('परंतु', 'तथापि' हे ऱ्हस्व), ते आधीच सांगत बसू नका.

पुस्तकं: बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते, पण ती तुमच्या तयारीसाठी वापरा. मुलांना छापील प्रत द्या. दुकानात प्रिंट काढण्यापेक्षा मूळ पुस्तक स्वस्त पडतं. शेजाऱ्यांकडून जुनं घेणार असाल तर आवृत्तीचं वर्ष आधी पाहा, अभ्यासक्रम बदलतो आहे.

---

नोंदवही

कागदपत्रांच्या प्रश्नाचं उत्तर.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. वयोगट ६ ते १४. त्यात घरशाळेचा उल्लेख नाही. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा किंवा दंड अशी तरतूद या कायद्यात नाही. त्याच कायद्याचं कलम ४ तुमच्या कामाचं: शाळेबाहेर असलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही. म्हणजे परतीची वाट १४ वर्षांपर्यंत उघडी आहे.

जपायचं काय? शाळा सोडल्याचा मूळ दाखला (लॅमिनेशन करू नका, शिक्का-सही तपासायला अडचण येते, नुसत्या प्लास्टिक पाकिटात ठेवा), जन्मदाखला, आधार, शेवटच्या वर्षाचं प्रगतिपत्रक. प्रत्येक मुलाचा यू-डायसमधला (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, जुन्या शाळेकडून आत्ताच लिहून घ्या. नव्या शाळेला मुलाची ऑनलाइन नोंद ओढून घ्यायला तोच लागतो. दाखल्यावरचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळते का ते बघा. 'प्रथमेश' आणि 'प्रथमेष' एवढा फरकही दहावीच्या अर्जाला अडकतो, आणि दुरुस्ती जुन्या शाळेमार्फतच करावी लागते.

अभ्यासाची नोंद म्हणून प्रत्येकाची एक बॉक्स फाइल. महिनाअखेर त्यात पाच गोष्टी जातात: गणिताचं एक पान, मराठी लेखनाचं एक, इंग्रजीचं एक, एक चित्र किंवा प्रयोगाची नोंद, आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख. सगळं साठवू नका, फुगलेली फाइल कुणी उघडत नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात आले तर त्यांना बसवा, पाणी द्या आणि हीच फाइल पुढे करा. ते त्यांचं काम करत असतात, त्यांच्याशी वाद घालू नये.

दहावीसाठी तीन वाटा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस: १४ पूर्ण, पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा, मराठी माध्यमही आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म: खाजगी विद्यार्थी म्हणून नेहमीचीच एसएससी. तिसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षाही आहेत. तुमची मोठी ११ ची आहे, म्हणजे तीन वर्षं हातात आहेत. यंदा यातलं काहीही करायची गरज नाही. अर्जांच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या वर्षी अधिकृत संकेतस्थळावरच बघा, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर नको.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डांची यादी आणि तारखांशिवायची वही लगेच करते, इंग्रजी रोजच्यात घेते. आणखी दोन गोष्टी. पावसाळ्यात पाचवा दिवस बाहेरचा कसा करायचा? जून ते ऑगस्ट इथे वीजही जाते, म्हणून ऑनलाइन वर्गावर भिस्त नको वाटते. आणि दुपारी १ नंतर मी कामाला बसल्यावर तिघांचं काय?

---

तिफण

पावसाळ्यात पाऊसच मोजा. पर्जन्यमापक घरी होतो आणि सप्टेंबरपर्यंत तिघांना काम पुरवतो.

शीतपेयाची दोन लिटरची, अंगाने सरळ असलेली बाटली घ्या. खांदा सुरू होतो तिथे कापा आणि वरचा भाग झाकणाशिवाय उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. कडेला चिकटपट्टी. तळ ओबडधोबड असतो, म्हणून तळाचा बाक संपेपर्यंत स्वच्छ खडे भरा आणि खडे पूर्ण बुडतील एवढं पाणी ओता. पाण्याची ती पातळी म्हणजे शून्य. तिथून वर कायम शाईच्या मार्करने मिलिमीटरच्या खुणा. खडे शून्याच्या वर आले तर पाऊस फुगून दिसतो, बहुतेक बाटल्या इथेच चुकतात. पडताळा घ्यायचा तर बाटलीचा व्यास मोजा. तो ११ सेंटिमीटर असेल तर ९५ मिलिलिटर पाणी ओतल्यावर पातळी १० मिलिमीटर चढली पाहिजे. औषधाच्या मापाने हे मधला करू शकतो.

बाटली गच्चीवर उघड्यावर ठेवा. कठड्यापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब, वळचणीखाली नको. वाऱ्याने कलंडते, म्हणून भोवती चार विटा. रोज सकाळी ८:३० ला वाचायचं, कारण हवामान खात्याचा दिवसाचा पाऊसही ८:३० ते ८:३० असा मोजतात, म्हणजे त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतो. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं, वरून बघितलं की एक-दोन मिलिमीटर चुकतात. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर. साचू दिलं तर डास होतात.

धाकटी बाटली आणते, मधला वाचतो आणि लिहितो, मोठी आठवड्याची बेरीज, सरासरी आणि आलेख करते, १० मिलिमीटरला १ सेंटिमीटर. वर्तमानपत्रात महाबळेश्वरचा आकडा येतो, तो दुसऱ्या रंगाने शेजारी काढा. डोंगराच्या या बाजूला एवढा कमी पाऊस का, हा भूगोलाचा धडा मुलं स्वतःहून विचारतात. बाटलीत मावेल तेवढंच मोजता येतं. साताऱ्याला ते पुरतं, महाबळेश्वरला एखाद्या दिवशी ओसंडलं असतं.

---

उंबरठा

दुपारसाठी: १ ते २ जेवण आणि आवरणं, २ ते ३:३० घरात शांत वेळ. झोप सक्तीची नाही, पण प्रत्येकाने आपापल्या जागी, एकट्याने, पुस्तक किंवा हातकाम घेऊन. पहिल्या आठवड्यात २० मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवा, एकदम दीड तास लादला तर दार वाजत राहील. धाकटीसाठी चार ताटं तयार ठेवा आणि रोज एकच काढा: मणी ओवणं, राजमा-चवळी निवडणं, बोथट कात्रीने जुनी मासिकं कापणं, चिकणमाती. चारही एकदम दिली तर अर्ध्या तासात संपतात.

तुमच्या खोलीच्या दारावर दोन रंगांचा पुठ्ठा लावा. लाल म्हणजे कॉल चालू, रक्त किंवा आग असेल तरच आत. हिरवा असेल तर हळूच येऊन विचारायचं. अभ्यासाच्या शंका दुपारी विचारायच्या नाहीत. त्यासाठी फ्रिजवर एक कागद ठेवा, शंका तिथे लिहायची, दुसऱ्या दिवशी ८:१५ ला आधी तिचं उत्तर. ३:३० नंतर खाणं आणि पाऊस असो वा नसो, रेनकोट घालून एक तास बाहेर. मोबाइल द्यायचाच असेल तर ५ नंतर, शांत वेळेत अजिबात नको. एकदा तिथे शिरला की पुस्तकाकडे परत वळवणं कठीण जातं.

यजमानांकडे एक ठरलेलं काम द्या: शुक्रवारी रात्री मोठीच्या चुकलेल्या गणितांची वही. आठवड्यातून पाऊण तास, पण तो त्यांचाच.